टेस्टोस्टेरॉन जास्त आलंय, आता कमी कसं करायचं? बायका-मुलींचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हनुवटीवरचे केस दिसू नयेत म्हणून बहुतेक जणी ओढणी हनुवटीवर धरूनच आत येतात. फाइल पुढे सरकवतात. त्यात रक्ताचा रिपोर्ट असतो आणि 'टेस्टोस्टेरॉन'समोर ठळक अक्षरांत छापलेला आकडा. "मॅडम, हे तर पुरुषांचं असतं ना?" हे विचारताना आवाज अगदी खाली गेलेला असतो. सोबत आई असली तर ती थेट मुद्द्यावर येते, "कमी कसं करायचं तेवढं सांगा."

स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून रोज ओपीडीत हेच ऐकते, आणि दहा मिनिटांत सगळं सांगून होत नाही. राहून जातं ते इथे सविस्तर लिहिलंय. पान मुख्यतः बायका-मुलींसाठी आहे. पुरुषांसाठी आणि ट्रान्स स्त्रियांसाठीही खाली थोडं आहे.

बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असतंच का?

असतं, आणि लागतंही. हाडं, स्नायू, कामेच्छा, अंगातला उत्साह या सगळ्यांत त्याचा वाटा आहे. साधारण पाव भाग अंडाशयात तयार होतो, पाव भाग मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या ॲड्रिनल ग्रंथींत, आणि उरलेला चरबी, त्वचा अशा ठिकाणी दुसऱ्या हॉर्मोनपासून बनतो. इतकंच काय, बाईचं इस्ट्रोजेनसुद्धा याच टेस्टोस्टेरॉनपासून आणि त्याच्या भावंडांपासून तयार होतं. त्यामुळे ते शून्यावर आणायचं नाहीये. जादा झालेलं आवरायचं आहे.

जास्त म्हणजे किती? रिपोर्टमधला आकडा कसा वाचायचा?

प्रौढ बाईत एकूण टेस्टोस्टेरॉन साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम प्रति डेसिलीटर असतं. पुरुषात ते ३०० ते १००० च्या घरात असतं. म्हणजे तुमचं ८५ आलं म्हणून तुम्ही 'पुरुषासारख्या' झालात, असं अजिबात नाही. हा शब्द घरातलं कुणी वापरत असेल तर त्यांना हे दोन आकडे दाखवा.

आधी एकक बघा. काही लॅब डेसिलीटरमध्ये आकडा देतात, काही मिलिलीटरमध्ये. ४५ आणि ०.४५ ही एकच पातळी असू शकते. गेल्या वर्षी ०.४५ होतं आणि यंदा ४५ झालं, शंभरपट वाढलं, म्हणून रात्रभर रडलेली मुलगी मी पाहिली आहे. वाढलं काहीच नव्हतं, फक्त लॅब बदलली होती.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. रक्तातलं बहुतेक टेस्टोस्टेरॉन प्रथिनांना बांधलेलं असतं. मोकळं, म्हणजे खऱ्या अर्थाने कामाला लागलेलं, जेमतेम एक-दोन टक्के. या बांधून ठेवणाऱ्या प्रथिनाचं नाव एसएचबीजी, आणि ते लिव्हरमध्ये तयार होतं. ते कमी पडलं की एकूण आकडा नॉर्मल दिसतो, पण मोकळं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं असतं. म्हणून 'रिपोर्ट नॉर्मल आहे, तुला काही झालेलं नाही' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. एसएचबीजी तपासलं का, ते विचारा.

तपासणी सकाळी करावी. पाळी येत असेल तर दुसऱ्या ते पाचव्या दिवसात. गर्भनिरोधक गोळ्या चालू असतील तर आकडा खरा येत नाही, त्या बंद करून तीन महिने जावे लागतात. आणि केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या किंवा गमीज खात असाल तर ते आधी सांगा. काही मशिनांवर बायोटिनमुळे टेस्टोस्टेरॉन उगाचच जास्त दिसतं.

वाढतं कशामुळे?

दहातल्या बहुतेक जणींमध्ये कारण पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम, बोलताना 'पीसीओडी') असतं, आणि त्यातल्या बऱ्याच जणींमध्ये त्यामागे इन्शुलिन असतं. हा भाग नीट समजून घेतला तर पुढचे उपाय आपोआप उलगडतात.

स्नायू आणि लिव्हर इन्शुलिनचं ऐकेनासे झाले की स्वादुपिंड जास्त इन्शुलिन सोडतं. साखर काबूत राहते, त्यामुळे शुगरचा रिपोर्ट चांगला येतो आणि कुणाला काही कळत नाही. पण अंडाशय मात्र इन्शुलिनचं ऐकणं सोडत नाहीत. या जादा इन्शुलिनने त्यांच्यातलं टेस्टोस्टेरॉनचं उत्पादन वाढतं. त्याच वेळी लिव्हर एसएचबीजी कमी बनवतं. म्हणजे माल जास्त आणि बांधून ठेवायला दोर कमी.

याची खूण डोळ्यांना दिसते. मानेच्या मागे, काखेत, कधी मांड्यांच्या मध्ये मखमलीसारखा जाडसर काळा पट्टा. आया तो मळ समजून डाळीच्या पिठाने, लिंबाने, काही जणी चक्क वजरीने घासतात. एकदा एका सातवीतल्या मुलीची मान घासून घासून सोलवटलेली होती. तिला आंघोळ नीट करत नाही म्हणून रोज बोलणी बसत होती. तो मळ नाही. आतल्या जादा इन्शुलिनमुळे त्वचा तशी होते, आणि इन्शुलिन आवरलं की हळूहळू उजळते. कृपा करून मुलींच्या माना घासू नका.

पीसीओएसखेरीज इतर कारणंही असतात: ॲड्रिनल ग्रंथीतला जन्मजात पण उशिरा लक्षात येणारा दोष (त्यासाठी १७-हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन तपासतात), कुशिंग (कॉर्टिसॉल हे हॉर्मोन जास्त होण्याचा आजार), फिट्ससाठीचं व्हॅल्प्रोएट हे औषध, जिममध्ये कुणीतरी दिलेली इंजेक्शनं. नवरा टेस्टोस्टेरॉनचं जेल लावत असेल तर ते अंगाला अंग लागून बाईच्या किंवा लहान मुलाच्या शरीरात जातं, हेही लक्षात असू द्या. व्हॅल्प्रोएट घेत असाल तर ते स्वतःहून बंद करू नका, मेंदूविकारतज्ज्ञांशी बोला. गर्भधारणेतही त्या औषधाचा धोका असल्याने हे बोलणं तसंही व्हायलाच हवं.

सोनोग्राफीत 'गाठी' दिसल्या. त्या काढून टाकल्या तर टेस्टोस्टेरॉन उतरेल ना?

त्या गाठी नाहीत. दर महिन्याला अंडं वाढवायला निघालेल्या आणि अर्ध्यावर थांबलेल्या त्या छोट्या पिशव्या आहेत. 'पॉलिसिस्टिक', म्हणजे 'अनेक गाठींचं', या नावानेच घोळ केलाय. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल या डॉक्टरांनी सात बायकांमध्ये हे वर्णन केलं, अंडाशयाचा पाचरीसारखा तुकडा कापला आणि पाळी सुरू झाली. त्यामुळे शस्त्रक्रियेची कल्पना तेव्हापासून रुजली. आज दुर्बिणीतून अंडाशयावर काही ठिकाणी डाग देतात, पण ते मूल हवंय आणि गोळ्यांनी अंडं फुटत नाही अशा निवडक जणींसाठी. चेहऱ्यावरच्या केसांसाठी अंडाशयाला हात लावायचा नसतो.

शिवाय पाळी सुरू होऊन आठ वर्षं झाली नसतील तर निदानासाठी सोनोग्राफी करूच नये, असं आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. त्या वयात निरोगी मुलींच्या अंडाशयातही अशा भरपूर पिशव्या दिसतात. सोळा वर्षांच्या मुलीच्या कपाळावर त्यावरून 'पीसीओडी'चा शिक्का मारू नये.

ताबडतोब डॉक्टरांकडे कधी जायचं?

चेहऱ्यावरचे केस वर्षानुवर्षं हळूहळू वाढत आले असतील तर घाबरायचं कारण नाही. पण काही महिन्यांतच दाढी-मिशा फुटल्या, आवाज घोगरा झाला, कपाळाच्या दोन्ही बाजूंनी टक्कल पडायला लागलं, योनीच्या वरचा दाणा (क्लिटोरिस) मोठा झाला, किंवा एकूण टेस्टोस्टेरॉन १५०-२०० च्या वर आलं, तर अंडाशयात किंवा ॲड्रिनलमध्ये ट्यूमर नाही ना, हे आधी बघावं लागतं. पाळी गेल्यानंतर नव्याने असं झालं तर तर नक्कीच. पन्नाशीनंतर हनुवटीवर चार-दोन राठ केस येणं मात्र नेहमीचं आहे, इस्ट्रोजेन उतरतं म्हणून.

मग सुरुवात कुठून करू?

मी प्रत्येकीला उलट विचारते, तुम्हाला नेमका त्रास कशाचा आहे? केसांचा, पाळीचा, मुरुमांचा, की मूल होत नाही याचा? वाट यावरून ठरते. केसांसाठीचं उत्तम औषध मूल हवं असणारीला चालत नाही. पाळी आणणारी गोळी केसांवर सहा महिने काही दाखवत नाही. नुसता आकडा उतरवायला निघालेल्या बाईच्या हातात शेवटी नुसता आकडाच उरतो, आणि आरशात तीच हनुवटी.

खाण्यात काय बदलू?

टेस्टोस्टेरॉन उतरवणारा असा एखादा पदार्थ नाही. एक ठरावीक डाएट दुसऱ्यापेक्षा सरस आहे, असंही सिद्ध झालेलं नाही. इन्शुलिनची वारंवार उसळी टाळायची, एवढंच सूत्र. वजन जास्त असेल तर ते पाच ते दहा टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी मार्गावर येते. ऐंशी किलोच्या बाईसाठी हे चार ते आठ किलो होतात, वीस नाहीत.

आपल्याकडे मला दोन जागी घोटाळा दिसतो. पहिला म्हणजे चहा. दिवसातून चार वेळा, प्रत्येकात दोन चमचे साखर, बरोबर बिस्किटं किंवा खारी. आणि वर "मी तर काहीच खात नाही, मॅडम." दुसरा म्हणजे उपास. सोमवार, गुरुवार, संकष्टी, एकादशी धरली तर महिन्याचे दहा दिवस साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस, वेफर्स. साबुदाणा म्हणजे जवळजवळ नुसता स्टार्च. उपास सोडा असं मी कधी सांगत नाही. भगर आणि शेंगदाण्याची आमटी, राजगिरा, दही, ताक, एखादं फळ असा करा. इतर दिवशी ताटात आधी उसळ, डाळ, अंडं, मासे किंवा पनीर वाढून घ्या, मग भाकरी. ज्वारीची भाकरी चांगलीच, पण चार भाकऱ्या आणि चमचाभर भाजी हे जेवण ज्वारीनेही सुधरत नाही.

व्यायामाने, विशेषतः वजनं उचलून, टेस्टोस्टेरॉन वाढणार नाही का?

नाही. ही भीती बिनबुडाची आहे आणि तिच्यापायी कितीतरी मुली व्यायामाला मुकतात. स्नायू हेच साखर जिरवण्याचं सगळ्यात मोठं ठिकाण. ते कामाला लागले की इन्शुलिन कमी लागतं. आठवड्याला किमान १५० मिनिटं दम लागेल असं चालणं, आणि दोन दिवस ताकदीचे व्यायाम. जिम नसेल तर बैठका, भिंतीवर जोर, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या. वजनाचा काटा हलला नाही तरी याचा उपयोग होतोच.

झोपेचंही सांगते. मोठ्याने घोरत असाल, सकाळी उठल्यावर डोकं जड असेल तर बोला. पीसीओएसमध्ये झोपेत श्वास अडकण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि त्याने इन्शुलिनचं गणित आणखी बिघडतं.

माझं वजन पन्नास किलोच आहे. मला हे कसं?

बारीक बायकांनाही होतं. त्यांना वजन घटवायला सांगू नये. उपाशी राहून पाळी आणखी जाते. व्यायाम, झोप आणि गरज असेल तर औषधं.

हॉर्मोनच्या गोळ्या सुरू केल्या तर कायमच्या लागतील? पुढे मूल होणार नाही?

दोन्ही भीती खोट्या. या गोळ्या, म्हणजे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन एकत्र असलेल्या, दोन बाजूंनी काम करतात. मेंदूकडून अंडाशयाला येणारा हुकूम शांत होतो आणि लिव्हर एसएचबीजी जास्त बनवतं. मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरतं. बंद केल्यावर पाळी पुन्हा पूर्वीसारखी लांबली, तर ती गोळ्यांनी बिघडवलेली नसते. मूळचा आजार होता तिथेच असतो. गोळ्या थांबवल्यावर गर्भधारणेची क्षमता परत येते.

खरी काळजी वेगळी आहे, आणि ती मात्र घ्यायलाच हवी. इस्ट्रोजेनमुळे पायात किंवा फुफ्फुसात रक्ताची गुठळी होण्याचा धोका थोडा वाढतो. अर्धशिशीत डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येत असतील, रक्तदाब जास्त असेल, पस्तिशीनंतर धूम्रपान असेल, घरात गुठळीचा इतिहास असेल, तर या गोळ्या न देता दुसरं काही द्यावं लागतं. म्हणून मैत्रिणीची चिठ्ठी दाखवून मेडिकलमधून त्या आणू नका.

गोळ्या नको असतील तरी पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर दुर्लक्ष नको. गर्भाशयाचं अस्तर साचत राहतं, आणि वर्षानुवर्षं साचलेल्या अस्तरात कर्करोगाचा धोका वाढतो. निदान तीन महिन्यांतून एकदा तरी ते बाहेर पडलंच पाहिजे, त्यासाठी काही दिवसांच्या प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या पुरतात.

मला शुगर नाही, तरी मेटफॉर्मिन का दिलंय?

वर सांगितलेल्या इन्शुलिनसाठी. टेस्टोस्टेरॉन त्याने थोडं उतरतं, पाळी सुधारू शकते, केसांवर मात्र फारसा परिणाम दिसत नाही. सुरुवातीला मळमळ, पोट बिघडणं होतं. जेवणाबरोबर ५०० मिलिग्रॅमपासून सुरू करून हळूहळू वाढवलं की बहुतेकींना सोसतं. वर्षानुवर्षं घेत असाल तर बी-१२ तपासत राहा, शाकाहारी असाल तर जास्तच.

स्पायरोनोलॅक्टोन काय आहे?

मूळचं रक्तदाबाचं, पाणी उतरवणारं औषध. ते मुख्यतः टेस्टोस्टेरॉनला त्वचेतल्या त्याच्या जागेवर बसू देत नाही. म्हणजे आकडा तसाच राहिला तरी केस आणि मुरुमं कमी होतात. सहा महिन्यांआधी निकाल विचारू नका. हे औषध चालू असताना गर्भ राहता कामा नये, पोटातल्या मुलग्याच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. म्हणून सोबत खात्रीचं गर्भनिरोधक हवंच. रक्तातलं पोटॅशियमही वाढू शकतं. मूत्रपिंडाचा त्रास असेल किंवा रक्तदाबाच्या काही गोळ्या चालू असतील तर सांगा. घरात 'लो सोडियम' मीठ वापरत असाल तर तेही सांगा, त्यात पोटॅशियम असतं.

पुदिन्याचा चहा, जेष्ठमध, जवस, अश्वगंधा?

रोजचा प्रश्न, म्हणून एकेक घेते. पुदिन्याच्या चहावर छोटे अभ्यास झालेत. दिवसातून दोनदा महिनाभर घेतल्यावर मोकळं टेस्टोस्टेरॉन उतरलं, पण तपासणाऱ्याच्या नजरेला केसांत फरक दिसला नाही. आवडत असेल तर खुशाल प्या, औषधाच्या जागी नको. जेष्ठमधाने इटलीतल्या एका अभ्यासात नऊ बायकांचं टेस्टोस्टेरॉन खरंच कमी झालं. पण रोज भरपूर जेष्ठमध घेतलं की रक्तदाब चढतो आणि पोटॅशियम घसरतं. खोकल्याला एखादी कांडी चघळणं वेगळं आणि महिनोन्‌महिने चमचाभर चूर्ण फाकणं वेगळं. जवसाची चटणी तशीही चांगली, भाकरीबरोबर जरूर खा. पण टेस्टोस्टेरॉनसाठी तिच्यामागे भक्कम पुरावा नाही. अश्वगंधा मात्र टाळा. काही छोट्या अभ्यासांत तिने पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन वाढलेलं दिसलं, आपल्याला हवं त्याच्या उलट.

ज्या पुड्यांवर घटकच लिहिलेले नसतात, त्या घेऊ नका. मला चीड येते ती यांचीच. महिन्याला हजारो रुपये, वर्षभर, आणि तोवर मुलगी मधुमेहाच्या उंबरठ्यावर आलेली.

आकडा नॉर्मल झाला, तरी केस का जात नाहीत?

कारण मऊ लव एकदा राठ केसात बदलली की टेस्टोस्टेरॉन उतरल्यावर ती लगेच पुन्हा लव होत नाही. औषधाने नवे केस राठ होणं थांबतं, असलेले हळूहळू बारीक होतात. आहेत ते काढावेच लागतात, आणि त्यात कमीपणा नाही. थ्रेडिंगने, रेझरने केस दाट होत नाहीत. कापलेलं टोक बोथट असतं म्हणून तसं वाटतं. लेझर करायचं तर आपल्या सावळ्या त्वचेला लांब तरंगलांबीचं, १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग यंत्र जास्त सुरक्षित. आणि ते औषधांच्या जोडीने करा. आतलं टेस्टोस्टेरॉन तसंच ठेवून नुसतं लेझर केलं तर केस पुन्हा येतात आणि पैसे जातात. पांढऱ्या केसांवर लेझर चालत नाही, तिथे इलेक्ट्रोलिसिस, म्हणजे बारीक सुईतून वीज देऊन एकेका केसाचं मूळ मारणं.

लग्न केलं, मूल झालं की आपोआप बरं होतं म्हणतात.

होत नाही. स्थळाकडच्यांपासून लपवून, घाईने लग्न उरकून कुणाचा आजार गेलेला मी पाहिला नाही. मूल होण्याची शक्यता मात्र चांगली असते. अंडं फुटायला लेट्रोझोल देतात, आणि बहुतेकींना टेस्ट ट्यूबपर्यंत जावं लागत नाही.

पुरुषांना किंवा ट्रान्स स्त्रियांना टेस्टोस्टेरॉन कमी करायचं असेल तर?

पुरुषांत याचं मोठं कारण प्रोस्टेटचा कर्करोग. टेस्टोस्टेरॉन काढून घेतलं की हा कर्करोग मागे हटतो, हे चार्ल्स हगिन्स यांनी १९४१ मध्ये दाखवलं आणि त्यासाठी त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. आज ते ल्युप्रोलाइडसारख्या इंजेक्शनांनी किंवा वृषणं काढून ५० नॅनोग्रॅमच्या खाली आणतात. हाडं ठिसूळ होणं, अंगातून गरम वाफा जाणं हे परिणाम सांभाळावे लागतात, म्हणून हे कर्करोगतज्ज्ञांचं काम. निरोगी पुरुषाने राग किंवा वासना कमी व्हावी म्हणून स्वतःहून अशी औषधं घेऊ नयेत. सोया खाऊन पुरुषांचं टेस्टोस्टेरॉन उतरतं, ही अफवा आहे.

ट्रान्स स्त्रियांसाठी इस्ट्रॅडिओल आणि जोडीला स्पायरोनोलॅक्टोन किंवा सायप्रोटेरोन देतात. ओळखीतून मिळालेल्या गर्भनिरोधक गोळ्या दुप्पट-तिप्पट घेणं मात्र गुठळीला आमंत्रण. हॉर्मोनतज्ज्ञांकडे जा, लिव्हर आणि पोटॅशियम तपासून डोस ठरवतात. शुक्राणू जपून ठेवायचे असतील तर ते उपचार सुरू करण्याआधीच करावं लागतं.

पहिल्या भेटीला येताना काय आणू?

गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा, आठवतील तेवढ्या. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या, चूर्णं, गमीज, पाकिटांसकट. जुने रिपोर्ट, लॅबच्या नावासह. आई, मावशी, आत्या यांच्यापैकी कुणाला मधुमेह किंवा असाच त्रास आहे का, ते घरी विचारून या. आणि जमलं तर येण्याआधी महिनाभर थ्रेडिंग-वॅक्सिंग करू नका. नऊ ठिकाणचे केस बघून आम्ही गुण देतो, आणि काढून आलात तर मोजायला काही उरत नाही. अगदीच बाहेर पडवत नसेल तर काढण्याआधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, तो दाखवा.